रज्जाकभाऊच्या मैदानातला दिवा

रज्जाकभाऊ गेल्याचं मला तालमीत कळलं. मी झाडीपट्टीच्या नाटकांतला विनोदी नट. अंगावर राणीचं लुगडं होतं, तसाच आलापल्लीजवळच्या आमच्या गावाकडे निघालो... भाऊला ते आवडलं असतं. त्यानंतरचे काही आठवडे रडण्यात गेले. आता मात्र मी संतापलो आहे.

गाद्या भरणं हा त्याचा धंदा आणि आकाश दाखवणं हे व्यसन. दुकानामागच्या मैदानात एकही दिवा नव्हता. अंधार पडला की तो तिथे खाट टाकायचा आणि आल्यागेल्याला उताणं झोपवायचा. आकाशगंगा अशी धुरकट का दिसते, असं एकदा मी विचारलं, तर पठ्ठ्याने मला अर्धवट भरलेल्या गादीच्या खोळीत डोक्याकडून कोंबलं!

"सांग, कापूस कुठी जास्त दिसते?"

"लांबीकडं. वर पातळ आहे. भाऊ, नाकात जाऊन राह्यला!"

"जाऊ दे. आपण असेच ताऱ्यायच्या गादीत पडून आहो. लांबीकडं पाह्यलं का तारेच तारे, अन् इतके दूर का एकेक निवडता येत नाई. त्याचाच धूर दिसते."

सप्तर्षीतल्या चार ताऱ्यांना आमचे गोंड शेजारी खाट म्हणतात आणि मागच्या तिघांना ती चोरायला आलेले चोर. भाऊला ही गोष्ट फार प्रिय. "पण एक पाय बाकीच्याहून लै मागं आहे," तो सांगायचा. "इथून पाह्यतो म्हणून खाट. बाजूनं पाह्यलं तर बसताच येनार नाई!" आणि शेवटी मला ठरलेला टोमणा, "तुले उजेड लागते, नटा. ताऱ्याले नाई लागत."

आणि आम्ही काय केलं? शोकसभेत गळे काढले आणि त्याच्या स्मरणार्थ त्याच मैदानात उंच खांबावर झगझगीत दिवा लावला! खाली त्याच्या नावाची पाटी, हार, पेढे. बटन दाबायला मी, कारण गावात बोलणारा मीच. मी म्हणालो, "अरे, हे त्याचं दुसरं मरण आहे." लोक खो खो हसले. मी हात मागे घेतला, तर सरपंचबाईंनी दाबलं. वर पाहिलं... खाट गेली होती. चोर आम्हीच.

"बाई, रोज तासभर तरी बंद ठेवा."

"भाऊच्या नावाचा दिवा बंद ठेवू? अपमान नाई का होनार त्याह्यचा?"

खरोखर मायेने विचारलं हो त्यांनी. म्हणून तर जास्त चिडलो.

भाऊची खाट दुकानात भिंतीला उभी होती. त्याच्या बायकोला, भाभीला विचारून मी ती खांबाखाली आणून टाकली आहे. गावात असलो की संध्याकाळी तिच्यावर उताणा पडतो आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडतो, "दिवा बंद करा!" माणसं जमतात, टाळ्या वाजवतात. वाजवू देत. दिवा विझेपर्यंत ही खाट इथून हलणार नाही.