ओल्या बोटाची परीक्षा
तांदळाच्या उकडीचा वास आला की मला हिरकणीवाडीतल्या खाणावळीची चूल आठवते. तेव्हा मी महाडच्या शाळेत शिकवत होतो आणि पावसाळ्यात मुलांना डोंगरात नेत असे. आदल्या वर्षी धुक्यात आमची वाट चुकली होती, म्हणून मुंबईच्या मित्राने दोन जीपीएस यंत्रं आणली. त्यातलं एक मी ठेवून घ्यायचं होतं. एक रंगीत पडद्याचं, बोट लावलं की चालणारं. दुसरं करडं, जाड बटणांचं. मी रंगीतावर भाळलो होतो. डोंगरात जाण्याआधी आम्ही त्या खाणावळीत यंत्रं पाहत बसलो होतो आणि खाणावळवाल्या मावशी चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. “आना बगू हिकडं,” म्हणत त्यांनी पिठाचं ओलं बोट पडद्यावर टेकवलं, तसा नकाशा भलतीकडेच सरकला. मग त्यांनी करड्याचं बटण दाबलं; ते निमूट चाललं. “पावसात तुमचे हात कोरडे ऱ्हानार हायत काय, गुरुजी? पोरं लोकांची हायत,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाकरीकडे वळल्या. मी रंगीत यंत्र मित्राच्या पिशवीत ठेवलं. परवा नवा फोन घेताना मी दुकानदाराकडे पाणी मागितलं, त्यात बोट बुडवलं आणि ते फोनच्या पडद्यावर टेकवलं. मुलगी वरमून म्हणाली, “बाबा, हे काय?” मी म्हटलं, “मावशी विचारतील.”