छत्तीसला दहा, बहात्तरला किती?

चार दिवस झाले, आमचे हे नातीची विज्ञानाची वही घेऊन बसलेत. तीस वर्षं बस चालवली, निवृत्त होऊनही सहा वर्षं झाली, आणि आता गतीची समीकरणं! मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना? तर म्हणाले, एक हिशोब जुळत नाहीये.

कुठला, ते मला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी ह्यांची बस वेळेत थांबली नाही आणि एका सायकलवाल्याचा पाय गेला. चौकशीत ब्रेक खराब ठरला. ब्रेक तपासून सही करणारा मेकॅनिक, ह्यांचा जिगरी दोस्त, नोकरीला मुकला. तेव्हापासून एकच घोर, चूक त्याची की आपली?

ताशी छत्तीस किलोमीटरच्या वेगाला बस दहा मीटरमध्ये थांबते, हे ह्यांच्या पायाला पाठ. त्या दिवशी काटा बहात्तरवर होता. चौकशीत कुणी विचारलं नाही, ह्यांनी फक्त मला सांगितलं. वेग दुप्पट, म्हणजे वीस मीटर. रस्त्यावर टायरचे डाग मात्र चाळीस मीटर भरले. मग वरचे वीस ब्रेकचेच ना? मला ते पटलं होतं आणि खरं सांगते, बरंही वाटलं होतं.

पण वहीतल्या समीकरणात वेगाचा वर्ग होता. हा वर्ग कुणी घुसडला, म्हणून ह्यांनी नातीला धारेवर धरलं. तिला बिचारीला अपघाताचं काहीच माहीत नाही. पाठ करा आणि सोडून द्या, म्हणाली. ऐकतील तर शपथ!

मग तिनं मुळापासून मांडलं. ब्रेक दाबला की वेग दर सेकंदाला अठरानं उतरतो. छत्तीसला थांबायला दोन सेकंद, बहात्तरला चार. इथवर मलाही कळलं. म्हणजे दुप्पटच की, हे म्हणाले. नाही, ती म्हणाली, वेळ दुप्पट झालाच, पण तेवढ्या वेळात बस पळतेही दुप्पट. बहात्तरपासून शून्यापर्यंत, म्हणजे सरासरी छत्तीस. ताशी छत्तीस म्हणजे सेकंदाला दहा मीटर. असे चार सेकंद.

ही सरासरी मध्येच कुठून उपटली, ते मला अजून कळलेलं नाही. ह्यांनी मात्र तीनदा खोडून तीनदा मांडलं. तिन्ही वेळा चाळीस आलं. नात खूश झाली, म्हणाली, "बरोब्बर आलं, आजोबा!"

हे माझ्याकडे वळले. "ब्रेक चांगला होता गं."

मी चिडले. कागदावरचं काय खरं, रस्ता वेगळा, बस भरलेली, मी काय काय बोलले देव जाणे. ह्यांनी एवढंच विचारलं, तो आता कुठे राहतो?

मला माहीत होतं. त्या मेकॅनिकची बायको मला बाजारात दोनदा भेटली होती. दोन्ही वेळा बोलायला पुढे आली, आणि मी ताठ मानेनं तोंड फिरवून निघून आले होते.

हे चपला घालून दारात थांबले. मग मीही चपला घातल्या.