प्रमिलाबाईंना काय कमी आहे

वर्ध्यात आर्वी नाक्याकडे जाताना ताराचंद सेठजींचं कापडाचं दुकान लागतं. दुकानावर दुमजली घर, घरावर पाण्याच्या दोन टाक्या, आणि घरात प्रमिलाबाई, वय चोपन्न. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी शिवणाचा वर्ग काढायचं म्हटलं, तेव्हा सेठजी म्हणाले, "तुले काय कमी आहे?" पुढे एका शाळेतून शिवण शिकवायला बोलावणं आलं, तेव्हाही तेच. मुलं पुण्याला नोकरीला गेल्यावर त्या म्हणाल्या, निदान दुकानात तरी बसते. सेठजींनी प्रश्न बदलला नाही. प्रमिलाबाईंनी मनातल्या मनात घरभर शोधून पाहिलं. कमी असं काही सापडलं नाही. फ्रीजसुद्धा दोन होते.

हात मात्र स्वस्थ बसत नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं लाकडी नंदी सजवून मिरवतात. त्या नंद्यांच्या पाठीवरची झूल गल्लीत एकाच घरातून जायची. दुकानातले उरलेले मखमलीचे तुकडे, त्यावर जर, मणी, कवड्या, आणि असा बारीक टाका की उलटी बाजू सुलटी वाटावी. सजावटीचं पहिलं बक्षीस दरवर्षी वेगळ्या पोराला मिळायचं आणि झूल दरवर्षी प्रमिलाबाईंची असायची. हे सगळं फुकट. पगार ही गोष्ट त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली होती, आणि ती त्यांना एकदा स्वतःच्या हातात धरून पाहायची होती. मागणं एवढंच.

अशात वर्ध्याजवळच्या सावंगीला, मेडिकल कॉलेजच्या पोरांच्या एका खानावळीवरचा हॉल भाड्याने घेऊन एका विलायती कंपनीने केंद्र उघडलं. कंपनी पर्स बनवते. एका पर्सच्या किमतीत जुना ट्रॅक्टर येतो, आणि पर्ससाठी थांबावं लागतं ते वेगळंच. कंपनीचं नाव बरोबर उच्चारणारा माणूस वर्ध्यात अजून सापडलेला नाही, पण तिच्या नव्या पर्सवर झुलीची नक्षी यायची होती. म्हणून ती इथल्या बायांचं कौशल्य घडवणार होती, विविधता जपणार होती आणि समाजाचं देणं फेडणार होती. तिन्ही कामं आठ आठवड्यांत, दुपारी दोन ते पाच. शेवटी एकीला प्रशिक्षिकेची नोकरी, महिना अठरा हजार. सेठजींनी जाऊ दिलं, कारण बायको चार दिवसांत कंटाळून परत येईल याची त्यांना खात्री होती.

वीस बाया होत्या. पहिले दोन आठवडे सुई दिसलीच नाही. आत्मविश्वास शिकवायला नागपूरहून एक मुलगी आली. तिने सगळ्यांना डोळे मिटून, आपण उंच झाड आहोत असं समजायला सांगितलं. पवनारची आनंदाबाई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण करत आलेली. ती झाड होता होता झोपी गेली, आणि तिला 'उत्तम एकाग्रता' असा शेरा मिळाला. तिसऱ्या आठवड्यात सुई आली तेव्हा कळलं की आनंदाबाईला जवळचं दिसतच नाही. चष्म्याची तरतूद प्रकल्पात नव्हती. मग प्रमिलाबाई तिला दोरा ओवून देत, आणि आनंदाबाई त्यांना केंद्रातल्या प्रत्येक साहेबाची नक्कल करून दाखवी.

निवडीचे गुण शंभर. टाक्याला दहा, हजेरीला दहा, बाकीचे ऐंशी 'जीवनप्रवासा'ला. बायांचा हा प्रवास लिहून घ्यायचं काम अंकितकडे होतं. अंकित वर्ध्याचाच, समाजकार्य शिकलेला, मनाने चांगला पोरगा. प्रमिलाबाईंना नोकरी मिळावी असं त्याला खरंच वाटत होतं, म्हणून तो अर्ज घेऊन घरी आला.

सोफ्यावर बसून त्याने विचारलं, लहानपणी काही हाल? नाही. शिक्षण अर्धवट सुटलं का? सुटलं, दहावीत नापास झाल्या आणि आनंदाने सोडलं. काका पितात? समोर पेपर वाचत बसलेले काका खोकल्याचं औषधही घेत नाहीत, त्यात दारू असते म्हणून. अंकितने पेन खाली ठेवलं.

"काकू, थोडं तरी दुःख सांगा न. रकाना रिकामा राह्यला तर फॉर्म पुढेच सरकत नाई."

प्रमिलाबाईंनी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं की गेल्या हिवाळ्यात गुडघा दुखत होता.

मग फोटो. अंकित म्हणाला, फोटोपुरत्या पाटल्या आणि मंगळसूत्र काढून ठेवलं तर बरं. प्रवास जरा खडतर दिसेल. सेठजींनी पेपराची घडी घातली.

"बापू, मी इथंच बसून आहो. जित्ता."

अंकितने दोनदा माफी मागितली. फोटो पाटल्यांसकट निघाला, आणि मागे दोन्ही फ्रीज आले.

आठव्या आठवड्यात मुंबईहून सुरभी मॅडम आल्या. कौशल्य, विविधता आणि जबाबदारी ही तिन्ही खाती त्यांच्या एकटीकडे. त्यांनी प्रमिलाबाईंची झूल उलटसुलट करून पाहिली आणि सुलटी बाजू कोणती, असं अंकितला विचारलं. मग निकाल सांगितला. नोकरी आनंदाबाईला. प्रमिलाबाईंच्या हाताला तोड नाही, तेव्हा त्यांनी रोज येऊन आनंदाबाईला टाका शिकवावा, मानद म्हणून. मानद म्हणजे बिनपगारी, हे अंकितने खाली मान घालून समजावलं.

"तुम्हाला पगाराची तशी गरज नाही ना," मॅडम मायेने म्हणाल्या.

घरातलं बत्तीस वर्षांचं वाक्य मुंबईहून विमानाने आलेलं प्रमिलाबाईंनी लगेच ओळखलं. मग त्यांनी टेबलावरच्या नमुन्याच्या पर्सकडे बोट दाखवलं.

"मॅडम, हे जी बाई घेते, तिले गरज राह्यते का हिची?"

मॅडम हसल्या. तसं नाही म्हणाल्या.

"मंग तिले तर तुम्ही परत नाई पाठवत."

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. अहवालात ते 'स्थानिक महिलांशी मोकळा संवाद' या मथळ्याखाली आलं, पर्सचा भाग वगळून. प्रमिलाबाईंनी आपली झूल उचलली आणि ऑटोने घरी आल्या. सेठजींनी सगळं ऐकून घेतलं. बायकोने नोकरी करावी हे त्यांना पटत नव्हतं. पण घरचा माल कोणी फुकट मागावा, हे त्यांच्या खानदानात आजवर कोणालाच पटलेलं नाही. त्या दिवशी ते जेवताना कंपनीला बरंच बोलले.

महिन्याभराने, एका रविवारी, आनंदाबाई पवनारहून बसने आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळ्यांवर स्वतःच्या पगारातून घेतलेला चष्मा. तिने आडपडदा ठेवला नाही. नवी तुकडी आली आहे, तिला शिकवायचं आहे, आणि स्वतःला तर टाका येत नाही; महिनाभर बायांना झाड करून भागवलं, आता झाडं कुरकुर करून राहिली आहेत. दर रविवारी शिकवा, म्हणाली, पगारातले चार हजार तुमचे. आणि नोटा सोफ्यावर ठेवल्या.

सेठजी आतून बाहेर आले. मजुरी करणाऱ्या बाईकडून पैसे घ्यायचे, हे त्यांना बघवेना. प्रमिलाबाईंनाही कसंसंच झालं. ठेव तुझ्याजवळच, म्हणाल्या, मी तशीच शिकवते, मला काय त्याची...

"घ्या सेठाणीबाई," आनंदाबाई म्हणाली. "तुमाले गरज नाई म्हणून फुकट शिकून घ्याले मी काय कंपनी आहो?"

प्रमिलाबाईंनी नोटा उचलल्या.

अशा रीतीने जगातल्या एका बड्या कंपनीच्या सामाजिक जबाबदारीतून आर्वी नाक्याजवळच्या एका सुखवस्तू बाईला आयुष्यातला पहिला पगार मिळाला, आणि तो पवनारच्या एका शेतमजूर बाईने दिला. कंपनीच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

आनंदाबाई पहिला धडा घेऊन गेली, तेव्हा सेठजींनी विचारलं, या पैशांचं आता करणार काय? प्रमिलाबाई मणी निवडत होत्या.

"पाहू," म्हणाल्या.

याला तीन महिने झाले. सेठजी दर रविवारी विचारतात.