घरातल्यांनी खांदा द्यायचा नाही

सिंगापुरात बुकित बातोकला मी ज्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते, तिथल्या मालकिणीने पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता: "लाइट कुकिंग ओन्ली." म्हणजे नूडल्स उकळा, फोडणी नको. दुसरा नियम तिने पुढे मला कंटाळून काढला. घरात येरझारा घालायच्या नाहीत.

"गर्ल, सिट डाऊन लाह," ती म्हणायची. "तू चाललीस की मलाही चालावंसं वाटतं."

आणि मग तीही उठायची. ती चुलीपासून खिडकीपर्यंत, मी खिडकीपासून दारापर्यंत, मधे आम्ही एकमेकींना वाट द्यायचो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा वर येऊन विचारलं, घरात कोणी आजारी आहे का.

माझं एक ठीक आहे. माझ्या पायाला भिंगरी आहे हे मिरजेहून आई दर फोनला सांगते. मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक आहे, आणि उपग्रहाने काढलेल्या फोटोंवरून नद्यांचे काठ कुठून कुठे सरकले ते बघणं हे माझं काम. काँट्रॅक्ट एका वर्षाचं, इथे राहायचा पास त्याच्यावर टांगलेला, त्यामुळे कपाटावरची बॅग कायम अर्धी भरलेली. पण हिला काय झालं होतं? स्वतःचा फ्लॅट, शाळेच्या कॅन्टीनमध्ये छान चालणारा स्टॉल, नवरा जाऊन बरीच वर्षं झाल्याने ती एकटी पण सुस्थिर बाई. मी तिला माचिक म्हणते. माचिक म्हणजे मावशीच.

कारण हळूहळू कळलं. माचिक सुमात्राची. इंद्रगिरी नावाची नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या एका वस्तीतून ती लग्न होऊन इथे आली. इंद्रगिरी! नाव ऐकून मला वाटलं, पन्हाळ्याच्या मागेपुढेच असेल कुठेतरी. तिची माणसं बुगिस. आता सिंगापुरात बुगिस म्हटलं की मला एमआरटीचं स्टेशन आणि स्वस्त टी-शर्टांचा बाजार एवढंच आठवायचं. ती एका जमातीची, दर्यावर्दी माणसांची ओळख आहे, हे तिने सांगितलं तेव्हा मी ओशाळले आणि अंगातला टी-शर्ट नेमका तिथलाच होता.

त्या वस्तीत तिची म्हातारी आई नदीकाठच्या घरात एकटी राहत होती, आणि नदी काठ खात होती.

"तू नदीचं बघतेस ना? मग माझी बघ," असं म्हणत एका रविवारी माचिक माझ्या लॅपटॉपसमोर बसली. मी जुना फोटो काढला, नवा काढला, शेजारी शेजारी लावले. जुन्यात घर आणि पाणी यांच्यामध्ये नारळाची रांग होती आणि पुढे वाट. नव्यात वाट नव्हती, नारळही नव्हते. एरवी काठ असा सरकलेला दिसला की मी खूश होते, पेपरला चांगली आकृती मिळते. त्या दिवशी मी फोटो मोठा करून ते नारळ शोधत राहिले. वर्षअखेरीच्या मोठ्या भरत्या येतात, त्यांत ते घर जाणार हे सांगायला माझ्या शिक्षणाची गरजच नव्हती.

माचिकने आईसाठी पास मिळवला होता, पलंग आणला होता, माझ्या खोलीवर डोळाही ठेवला होता. म्हातारी आली की मी बुकित पंजांगला एका पुणेरी जोडप्याकडे जायचं असं ठरलं होतं. म्हातारी मात्र यायला तयार नव्हती. ती म्हणे, घर मागे नेऊ, मग बघू.

"मागे नेऊ म्हणजे?"

"उचलून," माचिक म्हणाली. "खांद्यावर. आमच्याकडे तसंच नेतात. पण उचलायला माणसं कुठे उरलीत? सगळे बाताम बेटावर कामाला, नाहीतर मलेशियात." मग म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. तू शिकलेली. तुझं ऐकेल ती."

पाहुण्याच्या हातून साप मारायचा म्हणतात, तो हा प्रकार. मला ते कळत होतं. पण बसून राहण्यापेक्षा कुठेतरी निघणं मला नेहमीच सोपं जातं. मी बॅगेचा उरलेला अर्धा भाग भरला.

फेरीने बाताम, तिथून स्पीडबोट. खिडक्या मिठाने आंधळ्या झालेल्या, समोर टीव्हीवर कुणीतरी रडत गात होतं आणि बोट प्रत्येक लाटेवर आपटत होती. नदीत शिरल्यावर पाणी चहासारखं तपकिरी झालं, दोन्ही काठांना पाण्यातच उगवलेल्या ताडाच्या झावळ्या. शेवटचा टप्पा लाकडी मोटरबोटीने, तिचा ठोका दातांत बसत होता.

वस्तीला नाव असं नव्हतंच, नंबर होता. बुगिस माणसं इथे आली तेव्हा त्यांनी दलदलीत नदीपासून आत सरळ कालवे खणले, पाणी काढलं, नारळ लावले. कालव्यांना नंबर पडले आणि वस्त्यांनी तेच घेतले. घरं सगळी खांबांवर, नदीकडे तोंड करून, आणि त्यांच्यासमोरून फळ्यांचा रस्ता. त्यावरून मोटारसायकल गेली की अख्खी वस्ती खडखडते. प्यायला पावसाचं पाणी, मोठाल्या रांजणांत धरलेलं. सोललेले नारळ कालव्यात सोडतात आणि ओहोटी त्यांना नदीकडे आणते. बाजूने एक माणूस नुसता काठी घेऊन चालतो, मेंढरं हाकल्यासारखा. खोबरं धुरावर वाळवतात, म्हणून हवेला कायम गोडसर जळका वास.

आणि आवाज! वस्तीत तीन-चार उंच, बिनखिडकीच्या सिमेंटच्या इमारती आहेत. मला वाटलं गोदामं. ती पाकोळ्यांसाठी बांधलेली घरं निघाली. त्यांच्या घरट्यांचं सूप चिनी लोक आवडीने पितात, म्हणून पक्ष्यांना भुलवायला स्पीकरवर चिवचिवाट लावून ठेवतात, दिवसभर, एकसारखा. माणसांच्या घरांना लाकडाच्या फळ्या आणि पाखरांना पक्कं सिमेंट. मला तिथे एक क्षण स्वस्थ बसवेना. भरती चढली की शाळेची होडी सुटणार, ओहोटी लागली की सगळ्या होड्या चिखलात रुतणार, लग्नाची वेळसुद्धा पाणी बघून. माचिकचा येरझारा घालायचा रोग कुठला, ते मला तिथे समजलं.

आत, कालव्याच्या टोकाला, नारळ संपून पामतेलाचे मळे लागतात आणि त्यापलीकडे पीटची जमीन, कुजून साठलेली काळी माती. ती वाळली की पेटते, आणि वाऱ्याची दिशा तशी असली की धूर थेट सिंगापूरला येतो. तेव्हा आम्ही सगळे मास्क लावून खिडक्या बंद करतो. माचिक मात्र एकदा खिडकी उघडून उभी राहिली होती. "गावाकडून आलाय," म्हणाली होती. मी तेव्हा तिच्यावर वैतागले होते.

म्हातारी लहानखुरी, ताठ, पान खाणारी. मी लॅपटॉप उघडून तिला दोन्ही फोटो दाखवले. माचिक तिच्या भाषेत सांगत होती, मी बोटाने दाखवत होते. तिने नीट बघितलं आणि मान हलवली. नदी खातेय, हे तिला मान्यच होतं.

मग तिने विचारलं, "सिंगापूरला नदी आहे का?"

"आहे," माचिक म्हणाली.

"भरती येते?"

"आता नाही. बांध घातलाय."

"मग मी दिवसभर बघू काय?"

यावर माझ्याकडे काही फोटो नव्हता.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर घर उचलायचं ठरलं. आदल्या दिवशी भांडीकुंडी, गाद्या, आरसा, सगळं बाहेर काढलं. खांबांना आडवे-उभे जाड बांबू बांधले. मागे नारळांत जागा साफ करून नवे दगड बसवले होते. त्या वेळी माचिकने मला रिवाज सांगितला. घर गाव उचलतं, घरातल्यांनी खांदा द्यायचा नाही. त्यांनी रांधायचं. जो खांदा देतो तो त्या दिवशी त्या घराचा पाहुणा. त्याला आधी वाढायचं, त्याचं ताट घरच्यांनी घासायचं, आणि घरच्यांनी सगळ्यांत शेवटी जेवायचं. आपल्याकडे खांदा म्हटलं की घरचे पुढे असतात, प्रसंग वेगळा असतो.

"आईने मला चुलीपाशी बसायला सांगितलं," माचिक म्हणाली. इतकी वर्षं परमुलखात काढूनही ती घरातलीच होती, चुलीपाशी तिची जागा होती.

पण तिला घर उचललं जायला नको होतं, हेही मला माहीत होतं. बोटीत तिने स्पष्टच सांगितलं होतं. घर हललं नाही की आई हलेल.

माणसं जमली. शेजारच्या कालव्यांवरूनही होडीने आली, पण बरेचसे पिकलेले आणि काही अगदीच कोवळे. एक जण घराच्या ओट्यावर उभा राहून आरोळी द्यायला लागला. पहिल्या आरोळीला घर करकरलं, वीतभर वर आलं आणि पुन्हा बसलं. नदीकडची बाजू उठतच नव्हती. दुसऱ्या वेळीही तेच. हशा झाला, मग हशा थांबला. एक शेजारीण पदर खोचून, म्हणजे सारोंग खोचून, बांबूखाली गेली. तिच्यामागे मी. मला बघून म्हातारे खूप हसले आणि सरकून जागा दिली. तिसऱ्यांदा जोर लावला. माझ्या खांद्याची साल निघाली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, घर तसंच.

मी चुलीकडे बघितलं. माचिकच्या हातात भाताचा झारा होता. तिला हवं होतं ते होत होतं. शेजारी तिची आई उभी होती, आणि ती घराकडे बघतच नव्हती, नदीकडे बघत होती. तोंडातलं पान चघळायची थांबली होती.

माचिकने झारा खाली ठेवला, हात पुसले आणि चालत आली. आई काहीतरी म्हणाली. मला शब्द कळले नाहीत, पण "तू नको" याला भाषा लागत नाही. माचिक माझ्यापुढे वाकली आणि बांबूला खांदा लावला. फक्त तो स्पीकरवरचा चिवचिवाट.

आरोळी आली आणि घर उठलं.

एका तिच्या खांद्याने उठलं असं मी म्हणणार नाही. कदाचित लाज वाटून सगळ्यांनीच जोर केला असेल. पण उठलं, आणि चालायला लागलं. आपल्याकडे घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वाशांसकट अख्खं घर चिखल तुडवत नारळांत शिरत होतं, छपराचे पत्रे वाजत होते, कुणीतरी शिव्या देत होतं, कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. दगडांवर टेकलं तेव्हा मी मटकन खालीच बसले.

मग पंगत. म्हातारी स्वतः वाढत होती. भात, मासा, वर नारळाची चटणी. शेजारणीला वाढलं, मला वाढलं. माचिकपाशी आली, थांबली, आणि तिच्यापुढेही ताट ठेवलं. पाहुण्यांचं. पहिल्या पंगतीचं. वर एक मासा जास्त.

माचिक त्या ताटाकडे बघत राहिली. मला तिचा चेहरा बघवेना. म्हातारीने काही राग धरला नव्हता. रिवाज होता तसा तिने पाळला, आणि तेच वाईट होतं. माचिक जेवली. शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. मग ताट घेऊन उठली, रांजणापाशी गेली आणि स्वतःचं ताट स्वतः घासायला बसली.

पाहुण्याने ताट घासायचं नसतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारी कमरेवर हात ठेवून तिच्यामागे उभी राहिली. मग हनुवटीने बाजूच्या काळ्याकुट्ट, भात लागलेल्या पातेल्यांकडे दाखवून काहीतरी म्हणाली. बायका हसल्या, आणि माचिक राखेचे हात तोंडावर घेऊन रडायला लागली.

"काय म्हणाली गं?" मी विचारलं.

"म्हणाली, बसलीच आहेस तर तीपण घास."

म्हातारी आली नाही. पलंग अजून तसाच आहे, त्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो. माझं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय, पुढचं कुठलं ते अजून ठरलेलं नाही, त्यामुळे माझ्या येरझारा जोरात आहेत. मोठ्या भरत्यांचे दिवस आले की माचिकच्याही. परवा तिने मला नवा फोटो काढायला लावला. घर नव्या जागी नीट दिसत होतं, आणि काठ आणखी थोडा आत आलेला.

"नदी पुन्हा घरापर्यंत येणार," मी म्हणाले.

"हो. मग पुन्हा उचलायचं."

"आणि माणसं?"

"तू येशील ना? जिथे असशील तिथून ये. तू खांदा दे." ती खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. "मी भात करेन. या वेळी काही झालं तरी मी चुलीपासून उठणार नाही."