एक दिवस पुढे चालणारा कॉम्प्युटर

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आई दुसऱ्यांच्या भातखाचरात वाकलेली असायची आणि वडील घोटीच्या राईस मिलमध्ये पोती उचलायचे. काम आहे की नाही, हे रोज सकाळी तिथे गेल्यावरच कळायचं. मुकादम "उद्या ये" म्हणाला, की त्या दिवशी भाकरीबरोबर नुसतं मीठ-मिरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली, तेव्हा वडिलांनी एकच विचारलं, "कायम हाय का?"

नव्हती. वर्षभर काम बघू, मग ठरवू, असं कारखान्याच्या मॅनेजर साहेबांनी सांगितलं होतं.

कारखान्याची हजेरी कोबोल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅमवर चालायची. तो लिहिणारा पुण्याचा, म्हणून त्याने सुट्टी रविवारची धरलेली. वीज पुरावी म्हणून प्रत्येक भागातल्या कारखान्यांना वेगळ्या वारी सुट्टी असायची, आमच्याकडे ती शनिवारी. प्रोग्रॅम दुरुस्त करावा, तर दुरुस्ती ज्यात करायची तो त्याचा मूळ मजकूर त्या माणसाबरोबर अमेरिकेला गेलेला. मग आमच्या लोकांनी तोडगा काढला: कॉम्प्युटरचं घड्याळच एक दिवस पुढे केलं! शनिवारी त्याला रविवार वाटायचा. छापून आलेल्या प्रत्येक कागदावर उद्याचा वार असायचा, आणि हजेरी सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसातले काका तो लाल पेनाने खोडून आजचा लिहायचे. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मी हसले, तर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी साहेबांना म्हटलं, "हे सगळं जावा भाषेत नव्याने लिहू."

"अगं पोरी, चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?"

अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "नव्या भाषा शिकलेली माणसं टिकत नाहीत. तुम्हीही उद्या अमेरिकेला जाल."

"साहेब, मला घरून अजून इगतपुरीच्या पुढे एकटीला सोडत नाहीत."

मैत्रिणी म्हणाल्या, आधी कायम हो, मग काय बोलायचं ते बोल. पण गप्प बसणं मला कधी जमलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उरकून मी नवा प्रोग्रॅम लिहीत बसायचे. दर पंधरा दिवसांनी मॅनेजर साहेबांना दाखवायचे. ते चष्मा न लावताच "छान" म्हणायचे.

वर्ष संपायला तीन महिने उरले असताना काका मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले. वार खोडायला कुणी उरलं नाही. आज कोणता वार आणि काय शिजवायचं, हे सांगणारा कँटीनचा कागदही त्याच कॉम्प्युटरवर निघायचा. साहेबांचा गुरुवारचा उपवास, वर्षानुवर्षं न मोडलेला. त्या गुरुवारी त्यांनी ताटावरचं झाकण काढलं, तर खिचडीऐवजी अंडाकरी.

"हे काय रे?"

"अंडाकरी, साहेब. शुक्रवार ना," कँटीनवाला म्हणाला.

"अरे, आज गुरुवार आहे!"

"असंल. कागदावर शुक्रवार हाय. मागच्या आठवड्यात तुम्हीच दम दिला, कागदाबाहेर काय करायचं नाय."

मागच्या बाकावरून एक फिटर ओरडला, "खाऊन टाका साहेब! कॉम्प्युटरच्या हिशोबाने उपवास कालच सुटला!"

अख्खं कँटीन हसलं. साहेब हातात केळं घेऊन तडक माझ्या टेबलाशी आले.

"तुझ्या त्या जावाला गुरुवार कळतो का?"

"भाषेला आपणहून काही कळत नाही, साहेब. मी सांगेन ते कळतं. आणि मूळ मजकूर तुमच्या कपाटात राहील. उद्या मी नसले, तरी दुसरा कुणीही दुरुस्त करेल."

त्यांनी केळं सोलता सोलता चष्मा लावला आणि पहिल्यांदाच स्क्रीनकडे नीट पाहिलं. "दोन महिने दोन्ही शेजारी शेजारी चालव. एका माणसाची हजेरी चुकली, तर तू आणि तुझी जावा, दोघी घरी."

दोन महिन्यांत चुका दोन निघाल्या, दोन्ही जुन्या प्रोग्रॅमच्या. नंतर हजेरी, पगार आणि कँटीनचा कागद जावावर आला, आणि कॉम्प्युटरचं घड्याळ आजचा वार दाखवू लागलं. वर्ष संपलं त्या आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं.