वाळूचे चटके

अर्धशिशी उठली की मला देवाचं नावही नकोसं व्हायचं. गडचिरोली जिल्हा नवाच झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला गेले, तीही नवऱ्याच्या आग्रहाखातर. तिथं डोकं उठू नये म्हणून सिंदेवाहीहून निघायच्या आधीपासूनच रोज अर्धशिशीच्या गोळ्या घेत होते, तेही एकीच्या जागी दोन-तीन. पायांना मुंग्या येत होत्या, पण डोक्यापुढं पायांची काळजी कोण करतो.

भर दुपारी वैनगंगेची वाळू तापली होती. लोक उड्या मारत सावली गाठत होते आणि मी अनवाणी आरामात चालले होते.

"तुले चटके नाई लागून राह्यले काय?" नवऱ्यानं विचारलं.

खरंच लागत नव्हते. शेजारच्या एका म्हातारीनं ते ऐकलं. "बाईवर देवाची किरपा हाय," म्हणत ती माझ्या पाया पडली. पाहता पाहता आणखी बायका पडू लागल्या. खोटं कशाला सांगू, मलाही ते पटायला लागलं होतं.

म्हातारीची सून वरोऱ्याला डॉक्टर होती. सासूच्या धाकानं तीही वाकली, पण पावलांवर टेकलेला हात तिनं उचललाच नाही. घोट्यापाशी बोटं दाबून नाडी शोधत राहिली.

"बाई, पाय किती गार पडलेत. गोळ्या कोणत्या घेता?"

मी पट्टी दाखवली. तिनं आम्हाला आपल्याच जीपमध्ये घालून चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं.

गोळ्यांनी पायांच्या रक्तवाहिन्या आवळून टाकल्या होत्या. रक्त परतलं नाही तर पावलं कापावी लागणार होती. गोळ्या बंद झाल्या, वाहिन्या सैल करणारं औषध सलाइनमधून सुरू झालं. मी फार घाबरले होते. नवस बोलायचंही बळ नव्हतं. देवाला नुसतं म्हटलं, आता तुझं तू बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळपायांची आग आग झाली. वाळूनं आलेले फोड आता कुठं दुखायला लागले होते. माझं कण्हणं ऐकून त्याच डॉक्टरीणबाईंनी घोट्याला बोटं लावली आणि हसल्या. नाडी लागत होती. 'दुखू देऊ नको' याखेरीज ज्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, त्याला मी दुखतंय म्हणून हात जोडले आणि पोटभर रडले.

अर्धशिशी अजूनही येते. अंधार करून पडून राहते. काय द्यायचं आणि काय न्यायचं, हे मात्र त्याला सांगत नाही.