ओट्यावरचं सीताफळ

वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, सीताफळ घ्यायला गेल्या की विकणारा वैतागायचा. सगळ्यांना पिकलेलं पाहिजे, ह्यांना दगडासारखं कच्चं, देठासकट. सगळी टोपली उपसून एकच उचलायच्या. "बाई, खायचंय का पूजायचंय?" असं एकानं विचारलंही. "बघायचंय," वन्सं म्हणाल्या.

त्या लासूर स्टेशनच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर पुंडलिकनगरला आमच्याकडं राहायला आल्या. मी चौथी शिकलेली, मला चित्रातलं काही कळत नाही. मला कळलं ते एवढंच, की चांगला उजेड स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतो म्हणून माझा अर्धा ओटा त्यांनी घेतला. स्टीलची ताटली, तिच्यात सीताफळ, समोर स्टुलावर वन्सं, मांडीवर फळी. त्यांचं होईपर्यंत मी खाली बसून कणीक मळायची.

रंगांना त्या हात लावायच्या नाहीत, फक्त पेन्सिल. सीताफळाच्या एकेका डोळ्याला अख्खी सकाळ. मी म्हणायची, "वन्सं, मोबाईलवर फोटो काढा की, मोकळं होईल सगळं." त्या मान वर न करता म्हणायच्या, "फोटो तुम्ही काढा, वहिनी. माझं अजून बघून व्हायचंय." एकदा मी विचारलं, पेन्सिल तर काळी, मग हा उजेड कशानं काढलात? "पांढरं काढत नसतात, वहिनी. राखून ठेवतात."

दरवर्षी सीताफळ त्यांच्या आधी पुरं व्हायचं. पिकून डोळे उकलले की आकार बदलतो. मग चित्र तिथंच थांबायचं आणि फळ आमच्या पोटात जायचं. त्या हसायच्या. शेवटच्या वर्षी हसल्या नाहीत. उजवा हात थरथरायला लागला होता. डाव्या हातानं मनगट धरून काढायच्या. "हा हात पुढच्या सीताफळांपर्यंत टिकत नाही, वहिनी. एक तरी पुरं झालं पाहिजे," असं मला स्पष्ट सांगितलं होतं. लवकर पिकू नये म्हणून रात्री ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायच्या.

चित्र अर्धं झालं होतं, तेव्हा व्याही येणार म्हणून फोन आला. सीताफळाची बासुंदी करायची ठरली. चार फळं गवताच्या अढीत पिकलेली होती. ओट्यावरचं पाचवं दाबून पाहिलं. नरम लागलं, पण डोळे अजून उकलले नव्हते. आणखी एखादी-दुसरी सकाळ निघाली असती. वन्सं दवाखान्यात गेल्या होत्या. मी फोडलं. कमी पडत होतं म्हणून फोडलं, असं नवऱ्याला सांगितलं. चार पुरली असती. मला माझा ओटा पाहिजे होता.

वन्सं आल्या. रिकामी ताटली बघितली, मग पातेल्याकडं बघितलं. मी तयारीत होते. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर मी दहा ऐकवले असते. त्यांनी वाटी घेतली आणि पाहुण्यांबरोबर बसून खाल्ली. "गोड निघालं, नाही का? मला वाटलंच होतं."

दुसऱ्या दिवशी मी छावणीच्या बाजारातून त्याहून मोठं आणलं. "घ्या वन्सं, लई निवडून आणलंय."

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण हे ते नाही."

तरी माझं मन मोडू नये म्हणून ताटलीत ठेवलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि दुपारपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. थंडीत हात पार गेला. उन्हाळ्यात त्याही गेल्या.

मुलानं ते चित्र फ्रेम करून बैठकीत लावलंय. डावीकडचा एकेक डोळा असा, की हात फिरवला तर खरखर लागेल. उजवीकडं कोरा कागद. येणारे जाणकार थांबून बघतात. परवा एक पाहुणे म्हणाले, "काय धाडस आहे बघा, अर्धं मुद्दाम सोडलंय!"

मी म्हणाले, "मुद्दाम नाय सोडलं. उरलेलं मी बासुंदीत घातलं."

सगळे हसले. म्हातारी गंमत करते, असं त्यांना वाटलं. मी चहा ठेवायला आत गेले. खिडकीखाली, त्या जागेवर, आता माझा मिक्सर असतो.